व्यायामाचा मुहूर्त

थंडीची पहिली चाहूल लागली की आमच्या वणी गावाच्या रस्त्यांवर एक नवी जमात दिसू लागते. कानाला मफलर, पायांत नवे पांढरे बूट आणि चेहऱ्यावर निश्चयाचे तेज. समोर सप्तशृंगीचा डोंगर धुक्यात उभा असतो आणि ही मंडळी नांदुरीच्या रस्त्याने झपझप पावले टाकीत असतात. संक्रांतीपर्यंत ही गर्दी विरळ होते. थंडी ओसरली की बूट कॉटखाली जातात. मात्र यांपैकी कोणालाही विचारा, "मला कंटाळा आला" असे तो कधीच म्हणणार नाही. तो म्हणेल, "वेळच चुकली हो! पहाटे जमत नाही. संध्याकाळ धरायला हवी होती." संध्याकाळ धरलेला म्हणतो, "खरा व्यायाम पहाटेचाच!"

आपण मराठी माणसे मुहूर्ताची भक्त. लग्नाला मुहूर्त, वास्तूला मुहूर्त, विहीर खणायलाही मुहूर्त. गंमत अशी की वाईट सवयीला मात्र आपण कधी मुहूर्त पाहिला नाही. पहिली विडी कोणत्या घटिकेला ओढावी म्हणून कोणी पंचांग उघडल्याचे मी ऐकलेले नाही. जे मनापासून करायचे असते त्याला कोणतीही वेळ चालते. जे टाळायचे असते त्याची वेळ मात्र फार चोखंदळपणे निवडावी लागते.

पण म्हणून हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. दिवसातली कोणती वेळ व्यायामाला उत्तम, हा वरवर वैद्याचा प्रश्न वाटतो. जरा उकलून पाहिला तर आत तो नीतीचा निघतो.

आधी वैद्यांचेच ऐकू. वाग्भटाने 'अष्टांगहृदय' या ग्रंथात माणसाची दिनचर्या सांगितली आहे. ब्राह्ममुहूर्ती उठावे, शौच-मुखमार्जन करावे, अंगाला तेल लावावे, मग व्यायाम करावा, नंतर उटणे लावून स्नान करावे. हा क्रम वाचताना दिवाळीची आठवण होतेच. नरकचतुर्दशीच्या पहाटे आपण तेल लावतो, उटणे लावतो, स्नान करतो. मधला व्यायाम तेवढा कुठेतरी गळून पडला आणि त्याची जागा फराळाने घेतली! पण वाग्भटाचा भर पाहिला तर तो वेळेपेक्षा मापावर अधिक आहे. धडधाकट माणसानेही थंडीत आणि वसंतात आपल्या अर्ध्या शक्तीनेच व्यायाम करावा आणि बाकीच्या ऋतूंत त्याहूनही कमी, असे तो बजावतो. अति केल्यास तहान, धाप, खोकला, ताप, वांती अशी यादीच त्याने दिली आहे. अर्धी शक्ती राखून ठेवायची कशासाठी, हे त्याने वेगळे सांगितलेले नाही. मला वाटते, उरलेल्या दिवसासाठी आणि उरलेल्या माणसांसाठी.

आता आधुनिक शास्त्र पाहू. 1729 साली द मेरां नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने लाजाळूचे रोप अंधारात ठेवून पाहिले. सूर्य दिसत नसतानाही त्याची पाने दिवसा उघडत आणि रात्री मिटत. सजीवाच्या आतच काही घड्याळ असले पाहिजे, असा संशय तेव्हापासून बळावला. ते घड्याळ पेशीत कसे चालते याचा उलगडा फळांवरच्या चिमुकल्या माशीत करणाऱ्या हॉल, रोसबाश आणि यंग या तिघांना 2017 सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्या घड्याळाप्रमाणे आपल्या शरीराचे तापमान पहाटे सर्वांत कमी असते आणि दुपार उतरू लागली की सर्वांत जास्त. म्हणून स्नायूंची ताकद सायंकाळच्या सुमारास थोडी अधिक भरते. पहाटेच्या बाजूने असे की तेव्हा मध्ये येणारी कामे कमी, म्हणून नेम टिकायला सोपे. आणि जेवणानंतर थोडे चालल्याने रक्तातली साखर फारशी चढत नाही, असेही आढळले आहे. आपल्या आजोबांची शतपावली काही अगदीच वेडी नव्हती म्हणायची. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 साली जी शिफारस केली, ती मोठ्या माणसाला आठवड्याला दीडशे ते तीनशे मिनिटे मध्यम व्यायामाची. मिनिटे मोजून दिली, घटिका दिली नाही. तात्पर्य, स्पर्धेत सेकंदाच्या अंशासाठी झुंजणाऱ्या खेळाडूला वेळेचा फरक पडत असेल, तुमच्या-माझ्या देहाला तो फारसा पडत नाही. तुम्हाला जी वेळ रोज देता येईल ती उत्तम.

येथवर वैद्याचे काम संपले. 'देता येईल' या दोन शब्दांपाशी मात्र खरा प्रश्न सुरू होतो. वेळ द्यायची, पण कोणाची?

आमच्या गडाशी व्यायामाची एक मोठी कथा निगडित आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारी अली आणि गुलाब नावाचे दोन बलाढ्य मल्ल आले. त्यांचे आव्हान बाळंभटदादा देवधरांनी स्वीकारले, मुदत मागून घेतली आणि सप्तशृंगीच्या गडावर येऊन उपासना मांडली. देवीच्या कृपेने मारुतीने दर्शन दिले आणि झाडावरच्या माकडांच्या चपळाईतून मल्लखांबाची विद्या दाखवली, असे आखाड्यांतून सांगतात. त्या बळावर बाळंभटदादांनी अलीला चीत केले आणि गुलाबने अंग काढून घेतले. कथेतला दैवी भाग ज्याने त्याने आपल्या श्रद्धेप्रमाणे घ्यावा. मला तीत मोलाचे वाटते ते हे, की बाळंभटदादांनी मुदत मागितली आणि ती त्यांना मिळाली. इतर सारी कामे दूर ठेवून देह घडवायला त्यांना कोणीतरी वेळ दिला.

तालमीतल्या पैलवानाचेही तसेच. तो उजाडायच्या आत उठून मातीत उतरतो, संध्याकाळी पुन्हा जोर-बैठका मारतो. दिवसातल्या दोन्ही उत्तम वेळा त्याच्याच. पण त्याच्या खुराकाची म्हैस कोणी पिळली, शेणगोठा कोणी केला? खाशाबा जाधवांनी 1952 साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक जिंकले, तेव्हा त्यांना तेथवर पाठवण्यासाठी गोळेश्वरच्या माणसांनी पैसे उभे केले होते आणि प्राचार्य खर्डेकरांनी आपले घर गहाण टाकले होते. पदक एकाच्या गळ्यात पडते, पण त्या एका देहात पुष्कळांचा वाटा असतो. खाशाबांनी तो वाटा देशाला सव्याज परत केला. आपण रोज पहाटे जो अर्धा तास फिरून येतो, त्यात कोणाचा वाटा आहे हे मात्र आपल्या मनात येत नाही.

काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेत एक पाहुणे आरोग्यावर बोलायला आले होते. पहाटे पाचला उठून अर्धा तास व्यायाम करावा, यापरती वेळ नाही, असे त्यांनी सुंदर समजावून दिले. शंका विचारा म्हणताच पाड्यावरून येणारी सातवीतली एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "सर, पाण्याच्या आधी का पाण्याच्या नंतर?" पाहुण्यांना उमजेना. तेव्हा शेजारची मुलगी म्हणाली, "ती विहिरीवरून पाणी भरून मग शाळेत येते." पाहुणे भले गृहस्थ होते. क्षणभर थांबून हसून म्हणाले, "मग बाळ, तुझा व्यायाम झालाच की!" मुलांनी टाळ्या वाजवल्या. मुलगी खाली बसली, पण तिचा प्रश्न सुटल्यासारखा तिच्या चेहऱ्यावर दिसला नाही.

त्या उत्तरावर मी पुष्कळ विचार केला आहे. हिशेबाने ते बरोबर आहे. लंडनच्या दुमजली बसगाड्यांतले ड्रायव्हर आणि कंडक्टर यांचा अभ्यास जेरी मॉरिस या डॉक्टरांनी 1953 साली प्रसिद्ध केला. दिवसभर जिना चढणाऱ्या-उतरणाऱ्या कंडक्टरांना बसून राहणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा हृदयविकार कमी, असे त्यांत दिसले. म्हणजे जिना हौसेने चढला की पगारासाठी, हे हृदय विचारीत नाही.

पण माणूस म्हणजे केवळ हृदय नव्हे. ऐन दिवाळीच्या आगेमागे आमच्याकडे द्राक्षबागांची छाटणी चालते. सुरगाणा-पेठ भागातून मजूर येतात आणि मांडवाखाली तासन्‌तास हात वर करून उभे राहतात. भातलावणीची बाई दिवसभर कमरेत वाकलेली असते. काम शरीराला एकाच बाजूने वापरते, तर व्यायाम वापरायची राहिलेली बाजू जागी करतो. आणि याहून मोठा भेद असा की, कामात शरीर दुसऱ्या कशाला तरी जुंपलेले असते, कोणाच्या बागेला, कोणाच्या चुलीला, कोणाच्या तहानेला. व्यायामाच्या अर्ध्या तासात ते कोणालाच जुंपलेले नसते, ते आपले असते. त्या मुलीला आणखी एक हंडा उचलण्याची गरज नव्हती हे खरे. तिला गरज होती ती खो-खोच्या मैदानावर विनाकारण धावण्याची. "तुझा व्यायाम झालाच" असे म्हणताना आपण तिचे श्रम मान्य करतो आणि तिचा वेळ मात्र नाकारतो.

कोणी म्हणेल, मग काय आम्ही फिरायला जायचे सोडावे? बायको चुलीशी आहे म्हणून नवऱ्याने अंथरुणात लोळावे? मुळीच नाही. अपराधी वाटून घेतल्याने कोणाचीच पाठ सरळ होत नाही. शिवाय ज्याने देहाची हेळसांड केली त्याच्या उशाशी पुढे रात्री जागवतो कोण? बहुधा तीच बाई. तेव्हा व्यायाम हे घराविषयीचे कर्तव्यही आहे. माझे म्हणणे एवढेच की उत्तम वेळ ठरवताना घड्याळाबरोबर घराकडेही पाहावे. ज्या आठवड्यात शेतीपंपाची वीज रात्री येते, त्या आठवड्यात पिकाला पाणी देऊन पहाटे अंग टाकलेल्या शेतकऱ्याला ब्राह्ममुहूर्ताचा उपदेश करणे क्रूरपणाचे आहे. त्याचा उत्तम काळ दुपारी चारचा असेल. सासूबाईंचे दुखणे काढणाऱ्या सुनेचा रात्री नऊचा असेल. पण तो तिला मिळायचा तर रात्री नऊला दुसऱ्या कोणीतरी त्या उशाशी बसले पाहिजे. आपण निवडलेल्या वेळेमुळे घरातल्या दुसऱ्या कोणाला तशीच वेळ मिळते की असलेलीही जाते, ही मुहूर्ताची खरी कसोटी.

नरकचतुर्दशीची पहाट आठवा. आपण म्हणतो, त्या दिवशी सारे घर लवकर उठते. सारे घर उठते ते कोणीतरी त्याच्याही आधी उठून पाणी तापवलेले असते म्हणून. सर्वांच्या पाठी ती चोळते आणि तिच्या पाठीला तेल लावायची वेळ येते तोवर उजाडलेले असते, फराळाची ताटे मांडायची असतात.

आम्ही वणीकर अर्ध्याचा मान ओळखतो. महाराष्ट्रातल्या साडेतीन शक्तिपीठांत आमच्या जगदंबेचे पीठ अर्धे. त्या अर्ध्यासाठी चैत्रात खानदेशातून माणसे उन्हातान्हात पायी येतात. वाग्भटानेही शक्ती अर्धीच वापरायला सांगितली. दीडशे मिनिटे आठवड्याच्या पाच दिवसांत वाटली तर रोजचा अर्धाच तास येतो. आणि साडेतीन मुहूर्तांतला अर्धा मुहूर्त मानतात तो दिवाळीचा पाडवा. त्या दिवशी पत्नी ओवाळते आणि पती तबकात काहीतरी घालतो. यंदा नेहमीच्या ओवाळणीबरोबर त्याने रोजचा अर्धा तासही घालावा. तेवढ्या वेळात दूध उतू जाणार नाही, पोरे शाळेला वेळेवर निघतील आणि पाणी भरलेले असेल, हे त्याने पाहावे. तिने त्या वेळात चालावे, सूर्यनमस्कार घालावेत, किंवा मैत्रिणीबरोबर नुसते वेशीपर्यंत जाऊन यावे. पहाटे की संध्याकाळी, ते तिचे तिने ठरवावे.