मध्यममार्ग आणि टायर
उन्हाळी टायरचं रबर साधारण ७ अंशांखाली कडक होऊन पकड गमावतं. हिवाळी टायरचं मऊ रबर उन्हाळ्यात लवकर झिजतं. ऑल-सीझन टायर ही या दोहोंमधली तडजोड. तिला सद्गुण म्हणावं का? ॲरिस्टॉटलच्या नीतिशास्त्रात सद्गुण म्हणजे दोन टोकांमधला मध्य, पण मध्य म्हणजे त्यांची सरासरी नव्हे. तो माणसागणिक, प्रसंगागणिक ठरतो. म्हणूनच सौम्य हिवाळ्याच्या शहरात विवेकी असलेली निवड आल्प्सच्या बर्फात निष्काळजीपणाची ठरते. ‘माझी गाडी, माझी जोखीम’ हा आक्षेप मला मुळीच मान्य नाही: ब्रेक दाबल्यावर गाडी थांबायचं अंतर वाढतं, तेव्हा रस्ता ओलांडणाऱ्याची संमती कुणी घेतलेली नसते. जर्मनीत ऑक्टोबर २०२४ पासून बर्फाळ रस्त्यावर टायरवर नुसती ‘एम+एस’ (चिखल-बर्फ) खूण चालत नाही, पर्वत-हिमकणाचं चिन्ह लागतं. ही सक्ती मला न्याय्य वाटते.