साहसाचे ऋण

डोंगरात कोणी वाट चुकला, कड्यावरून घसरला किंवा ओढ्याच्या लोंढ्यात सापडला, अशी वार्ता आली की आपल्यापैकी बहुतेकांच्या तोंडून पहिले वाक्य निघते ते असे : ‘कोणी सांगितले होते तेथे जायला?’ या वाक्यात हळहळ असते, चीड असते आणि एक प्रकारचा न्यायनिवाडाही असतो. जो आपल्या पायांनी संकटाकडे चालत गेला, त्याचा इतरांच्या साहाय्यावरील हक्क काहीसा उणावतो, असे आपण नकळत गृहीत धरलेले असते. हे गृहीत कितपत न्याय्य आहे, आणि ते न्याय्य नसेल तर डोंगरात जाणाऱ्यावर कोणतेच बंधन उरत नाही काय, याचा थोडा विचार येथे करावयाचा आहे.

सोडाल्यासारख्या वस्तीत राहून हा विचार करण्यासही कारण आहे. जयपुरात नेमणुकीवर आलेल्या मराठी माणसाला सुटीच्या दिवशी नाहरगड, जयगड आणि आमेर खुणावू लागतात. किल्ला म्हटला की तो त्याला घरचा वाटतो. परंतु अरवली म्हणजे सह्याद्री नव्हे. सह्याद्रीत हिंडणाऱ्याला धुके, शेवाळलेला कातळ आणि अवचित फुगणारा ओढा यांचे भय ठाऊक असते. गडावर पाण्याचे टाके कोठे असावे, याचाही त्याला अंदाज असतो. येथे भय आहे ते पाणी न मिळण्याचे, तापलेल्या खडकाचे, काटेरी झाडीत एकसारख्या दिसणाऱ्या वाटांचे आणि बिबळ्याच्या वावराचे. ११ जुलै २०२१ रोजी आमेरच्या टेहळणी-बुरुजावर पावसाची मौज पाहण्यासाठी चढलेल्या मंडळींवर वीज कोसळून ११ माणसे मृत्युमुखी पडली. सप्टेंबर २०२४ मध्ये नाहरगडाच्या डोंगरात गेलेल्या दोन तरुण भावांपैकी एकाचा मृतदेहच हाती आला, आणि दुसऱ्याच्या शोधासाठी पोलीस व आपत्ती निवारण दलाच्या जवानांना दिवसचे दिवस रान पिंजून काढावे लागले. उलट दिशेचे उदाहरणही आहे. मे २०२२ मध्ये दिल्लीकडून आलेला एक तरुण अभियंता लोणावळ्याजवळ नागफणीच्या रानात वाट चुकला. आपण हरवलो आहोत, हे त्याने दूरध्वनीवरून मित्रांना कळविलेही. परंतु पुढे त्याचा आवाज बंद झाला आणि चार दिवसांनी दरीत त्याचा देह सापडला. बदलीच्या नोकरीत आयुष्य काढणाऱ्यांनी यावरून एवढे ध्यानात घ्यावे की, परमुलखात आपण सारेच वाट न जाणणारे असतो. एका डोंगराचे शहाणपण दुसऱ्या डोंगरात जसेच्या तसे चालत नाही.

आता शोधावयास जाणाऱ्यांकडे पाहू. सह्याद्रीत कोणी अडकला की पोलिसांच्या बरोबरीने, कित्येकदा त्यांच्याही आधी, धावून जातात ती स्थानिक गिर्यारोहकांची मंडळे. लोणावळ्याचे शिवदुर्ग मित्र, खोपोलीचे यशवंती हायकर्स ही नावे महाराष्ट्रात आता सर्वश्रुत झाली आहेत. यांतील माणसे पगारी नव्हेत. कोणी दुकान चालवितो, कोणी नोकरी करतो. रात्री निरोप येताच दोर खांद्यावर टाकून ती बाहेर पडतात. जुलै २०१८ मध्ये आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची बस खोल दरीत गेली, तेव्हा दरीत उतरून मृतदेह वर आणण्याचे दारुण काम महाबळेश्वर-पोलादपूरकडील अशाच मंडळींनी केले. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या कुशीतील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वाडीला गाडीरस्ता नव्हता. भर पावसात निसरडी चढण चढूनच पोहोचावयाचे होते. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसे बेपत्ताच राहिली. आणि मदतीस निघालेला नवी मुंबईच्या अग्निशमन दलातील एक अधिकारी त्या चढणीवरच हृदयविकाराने कोसळून गेला.

इर्शाळवाडीचे लोक हौसेने डोंगरात गेले नव्हते. तेथे त्यांचे घर होते. त्यांच्यासाठी जीव धोक्यात घालणे योग्य, आणि हौशी भटक्यासाठी तसे करणे अयोग्य, असा भेद करावा काय? तर्काला तो आकर्षक वाटेल. परंतु व्यवहारात तो करणार कोण आणि केव्हा? दरीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या माणसाला खालून क्षीण हाक ऐकू येते. हाक मारणाऱ्याने निघताना पाणी पुरेसे घेतले होते की नाही, हे तिच्यातून ऐकू येत नाही. चौकशीला वेळ लागतो, आणि वेळ हीच तेथे सर्वांत दुर्मिळ वस्तू असते. शिवाय पात्रता तपासूनच मदत करावयाची असे एकदा ठरले, की वैद्याने मद्यप्याचे यकृत तपासू नये आणि अग्निशमन दलाने विडी विझवावयास विसरलेल्याचे घर जळू द्यावे, येथवर जावे लागेल. तात्पर्य, दोषाचा विचार आधी करता येतो आणि नंतरही करता येतो. मधल्या घटकेत तो करता येत नाही. त्या घटकेपुरते सुटकेचे कर्तव्य निरपवाद आहे.

पण याच ठिकाणी प्रश्नाची दुसरी बाजू सुरू होते. दुसऱ्याचे कर्तव्य निरपवाद आहे, म्हणूनच आपले दायित्व वाढते. समोरचा ‘नाही’ म्हणू शकत नाही, हे ठाऊक असताना त्याच्या भरवशावर गाफील राहणे म्हणजे त्याच्या सज्जनपणाचा गैरफायदा घेणे होय. ‘माझा जीव, मी वाटेल ते करीन’ असे म्हणणारा विसरतो की, तो अडकल्यावर दोराला लोंबकळणारा जीव त्याचा नसून परक्याचा असतो. पुरेसे पाणी, विजेरी, कोठे जातो व केव्हा परततो याची घरी दिलेली वर्दी, अंधार पडण्यापूर्वी माघारी फिरण्याचा निश्चय आणि पायथ्याच्या गावातील कोणाला तरी वाट विचारण्याइतकी नम्रता, या गोष्टी आपण आजवर केवळ स्वसंरक्षणाचे उपाय मानत आलो. वस्तुतः ते, ज्याचे नावही आपणास ठाऊक नाही अशा माणसाचे आगाऊ फेडलेले ऋण आहे. सज्जता हा सावधपणाचा गुण खराच. पण त्याहूनही अधिक तो न्यायाचा गुण आहे.

अर्थात सज्जतेचे मोजमाप परिणामावरून करता येत नाही, हेही स्पष्ट करावयास हवे. सह्याद्रीच्या कडेकपाऱ्या आयुष्यभर धुंडाळलेले अरुण सावंत जानेवारी २०२० मध्ये हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर मृत्यू पावले. अनुभव, साधने आणि सहकारी यांपैकी कशाचीच तेथे वाण नव्हती. याउलट रिकाम्या हातांनी कडा चढून सुखरूप घरी परतणारे कितीतरी असतात. परतला तो शूर आणि न परतला तो मूर्ख, हा आपला नेहमीचा निवाडा म्हणूनच खोटा आहे. दोघांची तयारी सारखीच असेल तर दोघांचा दोषही सारखाच. मध्ये आला तो योगायोग. किंबहुना ‘कोणी सांगितले होते?’ हा प्रश्न विचारावयाचा असेल, तर तो सुखरूप परतलेल्या गाफिलाला विचारावा. त्याला अजून त्याचा उपयोग आहे.

मग अशांकडून सुटकेचा खर्च वसूल करावा काय? अमेरिकेतील न्यू हॅम्पशर राज्यात निष्काळजी भटक्याकडून तो वसूल करण्याची तरतूद आहे. आगाऊ अल्प वार्षिक वर्गणी भरणाऱ्यास साध्या निष्काळजीपणाबद्दल सूट मिळते, बेदरकारपणाबद्दल नाही. ब्रिटनमध्ये डोंगरातील सुटका स्वयंसेवक करतात आणि ती विनामूल्य असते. पैशाच्या धास्तीने माणूस हाक मारावयास उशीर करील, आणि उशिराने केलेली सुटका दोघांनाही अधिक घातक ठरेल, हा तेथील युक्तिवाद आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये केरळात मलमपुळाजवळच्या कड्यात अडकलेल्या तरुणाला सैन्याच्या जवानांनी जवळजवळ दोन दिवसांनी वर काढले. पुढे वनखात्याने त्याच्यावर गुन्हाही नोंदविला. आमच्या मते दंडापेक्षा ऑस्ट्रेलियातील ब्लू माउंटन्सची रीत अधिक शहाणपणाची आहे. तेथे रानात जाणाऱ्यास संकटाची सूचना देणारे यंत्र फुकट वापरावयास मिळते. गाफिलाला शिक्षा करण्याऐवजी सज्ज होणे सोपे करून ठेवणे, हा त्यामागील विचार आहे.

येथे शासनाचा, म्हणजे पर्यायाने या नियतकालिकाच्या बहुसंख्य वाचकांचा संबंध येतो. दर पावसाळ्यात धबधबे, धरणे आणि किल्ले यांवर बंदीचे हुकूम निघतात, आणि त्यांवर सही करणारा अधिकारी मनुष्यच असतो. मिल्लने ‘ऑन लिबर्टी’ या १८५९ च्या ग्रंथात पुलाचा दाखला घेतला आहे. असुरक्षित पुलावर पाऊल टाकणाऱ्यास सावध करावयास वेळच नसेल, तर त्याला धरून मागे ओढण्यात स्वातंत्र्याचा भंग होत नाही. परंतु धोका निश्चित नसून केवळ संभवनीय असेल, तर शहाण्या माणसाला इशारा द्यावा आणि निर्णय त्याच्यावर सोडावा, असे त्याचे म्हणणे. १५ जून २०२५ रोजी तळेगावजवळ कुंडमळा येथे इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीसह कोसळला आणि चौघांचा बळी गेला. पूल धोकादायक असल्याची पाटी तेथे होती. मिल्लने मागितलेला इशारा दिला गेला होता. तरी आपले समाधान होत नाही. कारण पाटी लावणाऱ्याला धोका ठाऊक होता, आणि ठाऊक असलेला धोका पाटीने संपत नाही. भटक्याने पाण्याची बाटली न घेणे आणि व्यवस्थेने पाटी लावून मोकळे होणे, हे एकाच गाफीलपणाचे दोन प्रकार आहेत. दोघेही आपला भार पुढच्यावर, म्हणजे अखेर दोर घेऊन धावणाऱ्यावर, ढकलतात.

हिरकणीची आख्यायिका आपण लहानपणापासून ऐकत आलो. संध्याकाळी रायगडाचे दरवाजे बंद झाले. पहारेकऱ्यांनी नियम मोडला नाही. तान्ह्या बाळाच्या ओढीने गवळण अंधारात कडा उतरून गेली. आपण तिच्या धैर्याचे गोडवे गातो, आणि ते योग्यच आहे. परंतु कथेत पुढे जे घडले, ते राज्यकर्त्याच्या दृष्टीने अधिक मोलाचे आहे. महाराजांनी तिला दंड केला नाही, तिचा गौरव केला. आणि त्याचबरोबर त्या कड्यावर बुरूज बांधविला. धैर्याला मान दिला, पण दुसऱ्या कोणावर तसा कडा उतरण्याची पाळी राखली नाही. दोष शोधण्यात वेळ न दवडता उणीव शोधणे याला म्हणतात. पुढल्या वेळी डोंगरातील अपघाताची वार्ता कानी येईल, तेव्हा ‘कोणी सांगितले होते?’ याऐवजी ‘येथे बुरूज कोणी बांधावयास हवा होता?’ असे विचारण्याची सवय आपण लावून घेतली पाहिजे. त्या प्रश्नाचे उत्तर कधी भटक्याच्या पिशवीत सापडेल, कधी कचेरीतील नस्तीत.