सोळावे नाव



आपल्या तरुणांची फुटबॉल टीम काही वर्षे माझ्याकडे होती. पावसाळ्यात लोणावळ्याचे मैदान कसे असते हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. धुके इतके की समोरचा गोल दिसत नाही, आणि चेंडू पाण्यात पडला की जागीच रुततो. त्या चिखलात आपली मुले खेळायला शिकली. एका वर्षी पुण्यातल्या एका स्पर्धेसाठी सोळा नावे द्यायची होती. पहिली अकरा मी चहा थंड होण्याआधी लिहून काढली. पुढच्या चार नावांना संध्याकाळ लागली. सोळाव्या नावासाठी दोन रात्री गेल्या.

दोन मुले उरली होती. एकाचा डावा पाय फार सुंदर चालायचा, पण सरावाला तो आठवड्यातून एकदा उगवायचा. दुसरा कामशेतहून पहाटेची लोकल पकडून यायचा. भर पावसात त्याने एकही दिवस चुकवला नाही. चेंडूंची जाळी खांद्यावर टाकून शेवटी मैदान सोडणारा तोच. खेळ मात्र बेताचा. मी डाव्या पायाचे नाव लिहिले.

आजही मला वाटते की ती निवड चुकीची नव्हती. चूक त्यानंतर झाली. कामशेतच्या मुलाने विचारले, "अंकल, माझे काय कमी पडले?" आणि मी म्हणालो, "अजून थोडा सराव कर, बाळा." संपूर्ण टीममध्ये सर्वांत जास्त सराव करणाऱ्या मुलाला मी हे सांगितले!

राखीव खेळाडूची जागा कोणाच्या हक्काची, हा प्रश्न दिसतो तेवढा लहान नाही. पहिल्या अकरांत खेळातला फरक उघड दिसतो, म्हणून वादही कमी होतो. शेवटच्या जागेपाशी उरलेली मुले उन्नीस-वीस असतात. तिथे आपण नकळत एकाच तराजूत दोन वेगवेगळ्या वस्तू टाकतो. एक म्हणजे मुलाने केलेले कष्ट, दुसरी म्हणजे टीमची गरज. कष्टांचे मोल द्यायलाच हवे. पण ती जागा बक्षीस आहे की काम? बॅक जखमी झाला तर त्याच्या जागी जो उभा राहू शकेल त्याच्यासाठी ती असते. मोठ्या स्पर्धांचे नियमही गरज बघूनच केलेले असतात. २०२२ च्या फुटबॉल विश्वचषकात प्रत्येक देशाला २६ पर्यंत नावे देता येत होती आणि त्यांत तीन गोलकीपर असणे सक्तीचे होते. तिसऱ्या गोलकीपरवर मैदानात उतरण्याची वेळ सहसा येत नाही. पण रोजच्या सरावात आपल्याच संघाचे शेकडो फटके तो अडवतो.

अशा माणसांचा हिशेब जगाने फार उशिरा केला. विश्वचषकात बदली खेळाडू उतरवण्याची मुभाच १९७० साली मिळाली. १९७४ पर्यंत अंतिम सामन्यात खेळलेल्या अकरा जणांनाच पदके मिळत. संघाबरोबर महिनाभर राबलेले बाकीचे रिकाम्या हाताने घरी जात. २००७ साली फिफाने त्या जुन्या विजेत्या संघांतील सर्वांना पदके द्यायचे ठरवले. इंग्लंडच्या जिमी ग्रीव्हजला १९६६ चे पदक २००९ मध्ये हाती पडले. तोवर तो साठी ओलांडून गेला होता.

आपल्या जवळचे उदाहरण क्रिकेटचे आहे. २०२५ च्या महिला विश्वचषकात वांद्र्याच्या जेमिमा रॉड्रिग्जला इंदूरच्या इंग्लंडविरुद्धच्या सामन्यात बाहेर बसावे लागले. संघाला सहावा गोलंदाज हवा होता आणि त्यासाठी एक फलंदाज कमी करायचा होता. जागा गेली ती गरजेपोटी. तिची लायकी रातोरात कमी झाली नव्हती. ३० ऑक्टोबरला नवी मुंबईत ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या उपांत्य सामन्यात तिने नाबाद १२७ धावा केल्या, हे आपण सर्वांनी डोळे भरून पाहिले. त्या संघाचे प्रशिक्षक होते अमोल मुझुमदार. प्रथम श्रेणीत अकरा हजारांवर धावा करूनही भारताच्या संघात त्यांना कधी जागा मिळाली नाही. नाव न लागणे म्हणजे काय, हे त्यांना कोणी शिकवायला नको होते.

आपल्या धर्मग्रंथातही शेवटच्या जागेची एक निवड आहे, पण आपण ती घाईत वाचतो. यहूदाची जागा रिकामी झाली. पेत्राने अट सांगितली: योहानाच्या बाप्तिस्म्यापासून प्रभूच्या स्वर्गारोहणापर्यंत जो आपल्याबरोबर राहिला असा माणूस हवा. दोघे निघाले, बर्सबा म्हटलेला योसेफ आणि मत्थिया. दोघेही अटीत बसत होते. मग प्रार्थना करून चिठ्ठ्या टाकल्या आणि नाव मत्थियाचे निघाले. मत्थियाचा सण आपण १४ मे रोजी पाळतो. योसेफाचे पुढे काय झाले, ते पवित्र शास्त्र सांगत नाही.

पूर्वी मला वाटायचे, एवढ्या मोठ्या कामासाठी चिठ्ठी कशाला? आता वाटते, त्या चिठ्ठीत योसेफाविषयी एक माया होती. तू कमी पडलास, असे त्याला कोणी म्हणाले नाही आणि म्हणायला कारणही नव्हते. बाराव्यासाठी जागा एकच होती, एवढेच. अर्थात मी सोळाव्या नावासाठी चिठ्ठी टाकली असती तर तो पळपुटेपणा ठरला असता, कारण माझ्यापाशी कारण होते. आम्हाला डावीकडून खेळणारा हवा होता. हे एक वाक्य त्या मुलाला सांगायला मला धीर झाला नाही. त्याचे मन दुखू नये म्हणून गप्प बसलो, असे मी स्वतःला समजावत होतो. खरे तर त्याच्या डोळ्यांना डोळा भिडवायचा नव्हता.

पुढच्या जूनमध्ये तो पहिल्या दिवशी सर्वांच्या आधी मैदानावर हजर होता. सुट्टीभर रोज धावलो, असे अभिमानाने सांगू लागला. "तुम्ही म्हणालात ना अंकल, सराव कमी पडतो." तेव्हा मला राहवले नाही. त्याला शाळेच्या पायरीवर बसवले आणि गेल्या वर्षीची सगळी हकीकत सांगितली. तो रागावला नाही. बुटांच्या नाड्या सोडून पुन्हा बांधत बसला.

मग म्हणाला, "अंकल, तेव्हाच सांगितले असते तर मी कीपिंग शिकलो असतो. आपल्याकडे दुसरा गोलकीपर कुठे होता?"

खरेच नव्हता.