१५५.५ मिलिमीटर

परवाना घेऊन बनवलेल्या यंत्राकडे पाहताना आपण जरा नाक मुरडतोच. डोकं दुसऱ्याचं आणि हात आपले, त्यात कसलं कौतुक? सोव्हिएत रशियाने १९३०च्या दशकात अमेरिकेच्या कर्टिस-राइट कंपनीकडून सायक्लोन आर-१८२० या विमान-इंजिनाचा परवाना घेतला, त्यामागे निकड होती. पोलिकार्पोव्हचं आय-१६ हे लढाऊ विमान पहिल्यांदा उडालं ते जेमतेम ४८० अश्वशक्तीच्या एम-२२ इंजिनावर. तेही फ्रेंच परवान्याचं, आणि फ्रेंचांनी ते घेतलेलं ब्रिटनच्या ब्रिस्टलकडून. उसनवारीवर उसनवारी!

सायक्लोन हे हवेने थंड होणारं, गोलाकार मांडलेल्या नऊ सिलिंडरांचं इंजिन. नऊही पिस्टनांचा जोर एकाच क्रँकपिनवर येतो. एक कनेक्टिंग रॉड मुख्य, बाकीचे आठ त्यालाच पिनांनी जोडलेले. सिलिंडर पेटतात एकाआड एक: १, ३, ५, ७, ९, मग २, ४, ६, ८. सिलिंडरांची संख्या विषम असल्यामुळेच क्रँकच्या दोन फेऱ्यांत सगळ्यांची पाळी सारख्या अंतराने येते. इंजिन बंद असताना मात्र खालच्या सिलिंडरांत तेल झिरपून साचतं. म्हणून सुरू करण्याआधी पंखा हाताने फिरवून घ्यायचा. आळस केला, तर पिस्टन न दबणाऱ्या तेलावर आदळतो आणि रॉड वाकतो.

रॉडची मापं ड्रॉइंगमध्ये मिळतात. पण सिलिंडर हेडवरच्या पातळ, दाटीवाटीच्या ॲल्युमिनियम फिन ओतायच्या कशा, ते हेड तापवून पोलादी सिलिंडरवर आटे जुळवून चढवायचं कसं, हे हातात मुरावं लागतं. उरल पर्वताजवळच्या पेर्म शहरातल्या १९ क्रमांकाच्या कारखान्यात अर्काडी श्वेत्सोव्ह या मुख्य रचनाकाराच्या देखरेखीखाली हे मुरलं. इंचांचे मिलिमीटर करताना ६.१२५ इंचांचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, १५५.५ मिलिमीटर झाला. इंजिनाचं नाव पडलं एम-२५. इथवर ती नक्कलच होती.

पण शत्रूची विमानं वेगवान होत चालली होती, आणि मूळ ड्रॉइंगमध्ये पुढच्या इंजिनाचं उत्तर नव्हतं. श्वेत्सोव्हने आधी दोन गतींचा सुपरचार्जर बसवून एम-६२ हजार अश्वशक्तीवर नेलं. मग तो चौदा सिलिंडरांच्या दोन रांगांवर गेला. ते एम-८२, पुढे त्याच्या आद्याक्षरांवरून आश-८२. यात बोअर तोच, १५५.५, स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, मात्र १७४.५ वरून १५५ वर आणला, त्यामुळे सिलिंडर वाढूनही इंजिनाचा घेर कमी झाला. मला यातली काटकसर फार आवडते. जे हाताला बसलंय ते तसंच ठेवायचं आणि बदल हवा तिथेच करायचा.

१९४२मध्ये क्लिमोव्हचं पाण्याने थंड होणारं इंजिन काढून लाग-३ विमानात हे आश-८२ बसवलं आणि ला-५ तयार झालं. काढलेलं इंजिनही फ्रान्सच्या हिस्पानो-सुईझाच्या परवान्यातूनच वाढलेलं होतं. म्हणजे ही लढत दोन परवान्यांच्या वंशजांमधली होती.

आश-८२ भारतातही आलं, हवाई दलाच्या आयएल-१४ विमानांतून आणि एमआय-४ हेलिकॉप्टरांतून. आपण स्वतः परवाना घेतला तो मिग-२१चा. विमानाची बांधणी नाशिकजवळ ओझरला, जेट इंजिनाची ओडिशात कोरापुटला. पण स्वतःचं कावेरी इंजिन घडवण्याचं काम गेलं बंगळूरच्या वेगळ्या संस्थेकडे. पेर्मला रचनाकाराचा फळा आणि ओतशाळा एकाच आवारात होती. आपल्याकडे परवान्यातून पुढचं इंजिन का निघालं नाही याची चर्चा पैशावर आणि धातूंवरच फार होते. फळा आणि ओतशाळेतल्या या अंतराचा विचार त्यात क्वचितच येतो.

आता उलटा प्रकार पाहा. १९४४मध्ये अमेरिकेची काही बी-२९ विमानं सोव्हिएत अतिपूर्वेत उतरली आणि अडकली. स्टालिनने हुकूम काढला की हुबेहूब तसंच बनवा. विमान-रचनाकार तुपोलेव्हच्या माणसांनी विमान सुटं करून भाग न् भाग मोजला, आणि १९४७मध्ये तू-४ उडालं. इंजिनाची मात्र नक्कल करावी लागली नाही. श्वेत्सोव्हकडे अठरा सिलिंडरांचं आश-७३ होतंच. बोअर अर्थातच १५५.५, स्ट्रोक १७०. बी-२९चं राइट इंजिनही त्याच सायक्लोन घराण्यातलं, त्यामुळे ही दोन्ही इंजिनं चुलत भावंडंच ठरली. टर्बोचार्जर तेवढे अमेरिकन नमुन्यावरून उतरवून घेतले. ती विद्या जुन्या परवान्यातून आलेली नव्हती.