संग्रहाचे ऋण

भित्तिपत्रकाचा जन्मच मुळी नष्ट होण्यासाठी असतो. ते भिंतीवर डकवले जावे, येणाऱ्याजाणाऱ्याची नजर क्षणभर अडवावे आणि हंगाम सरताच नव्या पत्रकाखाली दिसेनासे व्हावे, एवढीच ते काढणाऱ्याची अपेक्षा असते. १९०८ साली इंग्लंडमधील ग्रेट नॉर्दर्न रेल्वेने जॉन हॅसल या चित्रकाराकडून बारा गिनींना एक चित्र घेतले. स्केगनेसच्या समुद्रकिनाऱ्यावर बागडणारा, गलेलठ्ठ, आनंदी कोळी त्यात आहे. लंडनच्या उतारूंना तेथे खेचून नेणे, हेच त्या चित्राचे काम. आज अशी पत्रके कापडावर चढवून काचेआड जपली जातात. परंतु जी प्रत भिंतीवर लागली, ती आपले काम करून संपली. जी गुंडाळलेली राहिली, ती वाचली. संग्राहकाच्या हाती बहुधा येते ते आपले काम न बजावलेले चित्र.

मग जतन होते ते नेमके कशाचे? १९३० च्या दशकात ‘इंडियन स्टेट रेल्वेज’ने परदेशी प्रवाशांना भारतभेटीचे निमंत्रण देणारी पत्रके छापली. त्यांतील ताजमहाल उजळ आणि निवांत आहे. त्याच रेल्वेचे बहुसंख्य उतारू तिसऱ्या वर्गाने प्रवास करीत. त्या डब्यांतील गर्दी, घाण आणि अवहेलना यांविषयी गांधीजींनी १९१७ सालीच लिहिले होते. पत्रकात त्याचा मागमूस नाही.

चित्राला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे करू नये, असे रसिक म्हणेल. त्याचे म्हणणे खोटे नाही. रंगांची ती सपाट, धीट मांडणी निखळ आनंद देते आणि त्या आनंदाला कोणाच्या परवानगीची गरज नाही. जाहिरात निवड करते. तो तिचा स्वभावच आहे. मात्र ‘हे सुंदर आहे’ असे न म्हणता ‘तो काळ असा होता’ असे संग्राहक म्हणू लागतो, तेव्हा जाहिरातदाराची निवड तो स्वतःच्या नावे करून घेतो. सौंदर्य जपणाऱ्यावर कोणतेही ऋण नसते. इतिहास जपल्याचा दावा करणाऱ्यावर मात्र चित्राबाहेर राहिलेल्यांचे ऋण असते.

ते फेडण्यासाठी चित्र उतरवून ठेवण्याचे कारण नाही. ते कोणी, केव्हा आणि कोणासाठी छापले, एवढे खाली प्रामाणिकपणे नोंदवावे. आणि त्याच चौकटीत, ताजमहालाच्या शेजारी, तिसऱ्या वर्गाचे एखादे पुठ्ठ्याचे तिकीट लावावे.