अभय कोणाला?

यवतमाळ जिल्ह्याचा बहुतेक भाग सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं उसळलेल्या लाव्हारसाच्या थरांवर वसलेला आहे. त्या रसाचे थिजलेले षट्कोनी खांब शिबला-पारडी येथें २०२१ सालीं उजेडांत आले. या खडकावर डोंगरांत साग वाढतो, व त्याच्याच झिजेपासून झालेल्या काळ्या मातींत कापूस पिकतो. निसर्गानें रान व शेत यांचा पाया एकच घातला. मध्यें रेघ ओढली ती मनुष्यानें. पांढरकवड्यानजीक १४८.६३ चौरस किलोमीटरांचें टिपेश्वर १९९७ सालीं राखून ठेवण्यांत आलें, आणि त्यास नांव मिळालें अभयारण्य.

या नांवानेंच आम्हांस विचारांत पाडलें आहे. अभयदान हें आपण श्रेष्ठ दान मानतों. परंतु दान म्हटलें कीं देणाऱ्याच्या पदरचें कांहीं गेलें पाहिजे. येथें कोणाचें जातें?

वाघास रेघ समजत नाहीं. २०१९ सालीं टिपेश्वरांतून निघालेला एक तरुण वाघ शेतांशिवारांतून सुमारें १,३०० किलोमीटर चालून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यांत पोहोंचला. रान लहान पडलें कीं तें प्राणी असेंच सांगतात. मग पांढरकवडा-राळेगांव परिसरांतील त्या वाघिणीची गोष्ट आठवते. तेरा माणसांचे बळी तिच्या नांवावर मांडले गेले. गुरें राखणारे व शेतांत राबणारे यांना घरीं बसून राहण्याची चैन नव्हती. सर्वोच्च न्यायालयानें सप्टेंबर २०१८ मध्यें हस्तक्षेप करण्याचें नाकारलें, आणि २ नोव्हेंबरच्या रात्रीं ती मारली गेली. गांवांत फटाके वाजले. दूरच्या शहरांत निषेध झाले.

आम्ही नगरवासी आहोंत, आणि आमचा पहिला हुंदका वाघिणीसाठींच होता, हें कबूल केलें पाहिजे. तो खोटा नव्हता. पण स्वस्त होता. ज्याला दिवस उजाडतांच गुरें घेऊन निघावयाचें असतें, त्याच्या आनंदाला क्रौर्य म्हणण्याचा अधिकार आम्हांस कोणी दिला? उलट, वाघिणीस अपराधी ठरविणेंही तितकेंच पोकळ आहे. धर्माधर्माचा विवेक जिला नाहीं, तिला पाप कसें लागावें?

कोणी म्हणतील, मग दोष कोणाचाच नाहीं. आम्हांस तसें वाटत नाहीं. रान राहावें ही इच्छा सर्वांची, आणि भय मात्र रेघेपलीकडच्या चार गांवांचें, ही वांटणीच अन्यायाची आहे. वाघ राहिला पाहिजे, हें आम्ही निःसंशय मानतों. म्हणूनच मेलेल्या गाईची वा माणसाची भरपाई ही सरकारची कृपा नसून आपणां सर्वांवरील ऋण आहे. आणि तें मागावयास कोणास कचेरीचे उंबरे झिजवावे लागूं नयेत. दोन रानांमधील वाट मोकळी ठेवण्याचा खर्चही त्याच ऋणांत धरावा.

दुसऱ्याच्या गोठ्यांतून केलेलें दान हें दान नव्हे. अभयारण्याच्या कुंपणाबाहेर राहणाऱ्या गुराख्यास जोंवर अभय नाहीं, तोंवर त्या शब्दाचा अर्धाच अर्थ आपण पाळला, असें म्हणावें लागेल.