सोडणं तीन प्रकारचं असतं



रोज एक श्लोक करत करत आपण गीतेच्या अठराव्या अध्यायात पोचलो. आज मात्र तीन श्लोक एकदम घेतेय: सातवा, आठवा आणि नववा. एकमेकांशिवाय ते नीट कळत नाहीत. आणि खरं सांगायचं तर गेला महिनाभर मी याच तीन श्लोकांपाशी अडकून बसले आहे.

कारण साधं आहे. मी ठाण्यातल्या एका विनाअनुदानित शाळेत गणित शिकवते, सात वर्षं झाली. यंदा एम.एस्सी. स्टॅटिस्टिक्सची प्रवेश परीक्षा दिली आणि पुण्यात नंबर लागला. दोन वर्षांचा कोर्स, त्यानंतर आरोग्य-संशोधनात काम करायचं, असं मनात आहे. फी भरायची शेवटची तारीख येत्या शुक्रवारी. म्हणजे शाळा सोडायची की नाही, ते शुक्रवारपर्यंत ठरवायचं.

आता श्लोक. भगवान त्यागाचे तीन प्रकार सांगतात. जे काम आपल्या वाट्याचं आहे, ते मोहापोटी सोडलं तर तो तामस त्याग. काम कष्टाचं आहे, देहाला त्रास होतो, म्हणून सोडलं तर तो राजस. आणि असा त्याग करून त्यागाचं फळ मिळतच नाही, असंही पुढे सांगितलंय. तिसरा सात्त्विक, आणि गंमत म्हणजे त्यात काम सोडायचंच नसतं. काम करायचं, त्यातली आसक्ती आणि फळाची अपेक्षा सोडायची.

इथे मी पहिल्यांदा थांबले. कारण याचा सरळ अर्थ 'राजीनामा देऊ नकोस' असा होतो की काय? आमच्या मावशीचं मत तेच. तिने लगेच तिसऱ्या अध्यायातला स्वधर्माचा श्लोकही ऐकवला: आपला धर्म कमी गुणाचा असला तरी तोच बरा, दुसऱ्याचा भयावह. 'देवाने तुला शिक्षिका केलंय, मग हे आकडेमोडीचं खूळ कशाला?'

मावशीवर माझं प्रेम आहे, पण हा श्लोक असा वापरलेला मला पटत नाही. गीतेतला स्वधर्म त्या काळच्या वर्णव्यवस्थेत बसवलेला आहे, हे आपण प्रामाणिकपणे मान्य करू या. तो जसाच्या तसा आजच्या नोकरीवर चिकटवला तर काय होतं बघा. १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात जोतिराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली, तेव्हा एका बाईने शिकवणं हाच लोकांच्या लेखी परधर्म होता. ज्या खुर्चीवर मी आज बसते ती खुर्चीच कोणीतरी नेमून दिलेलं काम ओलांडल्यामुळे माझ्यापर्यंत आली. मग त्याच खुर्चीला 'देवाने नेमून दिलेली' म्हणून चिकटून बसायचं?

आपल्या संतांकडे बघितलं तरी एकच एक उत्तर मिळत नाही. सावता महाराज अरणला मळ्यातच राहिले. भाजी हाच त्यांचा विठ्ठल, वारीलाही जायची गरज वाटली नाही, असं परंपरा सांगते. आणि नामदेव महाराज? घरचा धंदा शिंप्याचा, जीव पंढरपुरात, तरी ते थेट पंजाबात गेले. घुमानला त्यांची आठवण आजही जपली जाते आणि गुरु ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदं आहेत. एक राहिला, एक गेला. दोघांनाही आपण महाराजच म्हणतो.

तेव्हा 'जावं की राहावं' हे श्लोकातून शोधणं मी बंद केलं. श्लोक वेगळंच काहीतरी विचारतोय: सोडतेस, तर कशासाठी?

अर्जुनाचंच घ्या ना. त्यालाही सोडूनच जायचं होतं, भीक मागून जगायचीही तयारी होती. आणि त्याची कारणं किती चांगली होती! कुळाचा नाश होईल, गुरुजनांवर बाण कसा टाकू, पाप लागेल. ऐकणाऱ्याला वाटावं, काय धर्मशील माणूस आहे. भगवान मात्र त्या कारणांच्या मागे बघतात. हात थरथरतायत, गांडीव गळून पडतंय, तोंड सुकलंय. आपण आपल्या भीतीला फार सुंदर नावं देतो, त्यातलाच हा प्रकार.

मी मग माझी सुंदर नावं तपासायला बसले. जाण्याच्या बाजूचं नाव होतं 'प्रगती'. स्वतःला एक प्रश्न विचारला. उद्या शाळेने पगार दुप्पट केला (सध्या हातात २६ हजार येतात), वह्या तपासणं अर्ध्यावर आणलं, आणि ऑफ तासाला दुसऱ्यांच्या वर्गावर पाठवणं थांबवलं, तर मी हा फॉर्म भरला असता का? सोमवारी याचं उत्तर 'नाही' येतं. तीन वर्गांचे पेपर घरी आणलेले असतात, घसा बसलेला असतो. हा सोमवारचा राजीनामा शंभर टक्के राजस. तो घेऊन मी पुण्याला गेले तर तिथलं पहिलं कठीण सेमिस्टर आलं की तेही सोडावंसं वाटेल, कारण त्रास तिथेही असणारच.

पण रविवारी, झोप पूर्ण झालेली असताना, उत्तर 'हो' येतं. २०२० मध्ये शाळा मोबाइलवर भरत होती, तेव्हा मुलं रुग्णसंख्येचे आलेख घेऊन यायची. टीचर, हा आलेख इथे सपाट दिसतोय म्हणजे कोरोना संपला का? मी त्यांना एकूण आकडा आणि रोजची वाढ यातला फरक समजावायचे, आणि मुलं ऑफलाइन झाल्यावर एकटीच रात्री दीड दीड वाजेपर्यंत ते आकडे लावत बसायचे. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी पैसे देणार नव्हतं. ही ओढ शाळेच्या त्रासातून आलेली नाही. दहावीच्या गणित भाग १ मध्ये सांख्यिकी हे सहावं, शेवटचं प्रकरण आहे. सगळीकडे ते घाईघाईत उरकतात. माझं मात्र त्याच्यावर दरवर्षी ठरलेल्यापेक्षा जास्त तास जातात आणि बाकीच्यांची बोलणी खावी लागतात!

राहण्याच्या बाजूचं नाव होतं 'सेवा'. ते तपासणं जास्त अवघड गेलं. जून महिन्यात दहावीतली एक मुलगी म्हणाली, 'टीचर, तुम्ही गेलात तर आमचं काही खरं नाही.' ऐकून वाईट वाटलं. आणि त्याच क्षणी आत कुठेतरी फार बरंही वाटलं. ते बरं वाटणं हेच फळ, ज्याची आसक्ती सोडायला नववा श्लोक सांगतो. 'माझ्याशिवाय यांचं होणार नाही' हे सेवेचं वाक्य नाही. या शाळेत माझ्याआधी गणित शिकवलं जात होतं, माझ्यानंतरही जाईल.

मात्र त्या मुलीच्या वाक्यात माझा अहंकार वजा केला तरी काहीतरी उरतं. जूनमध्ये दोन्ही तुकड्या मी स्वीकारल्या. मार्चमध्ये बोर्डाचे बीजगणित आणि भूमितीचे ४०-४० गुणांचे दोन पेपर आहेत. वर्षाच्या मध्यात गणिताचा शिक्षक बदलला की काय होतं, ते मी दुसऱ्यांच्या वर्गांत पाहिलंय. हुशार मुलं क्लासला जाऊन तरून जातात. ज्यांच्या घरी क्लासचे पैसे नाहीत ती पस्तीसच्या आसपासची मुलं बुडतात. सातव्या श्लोकातलं 'नेमलेलं काम' माझ्या दृष्टीने एवढंच आहे. आयुष्यभराची शिक्षकी त्यात येत नाही. या दोन तुकड्या, मार्चपर्यंत, येतात.

म्हणून यंदाची फी भरत नाहीये.

आईला हे सांगितलं तर ती हसली. 'पुढच्या वर्षीपण नववीची मुलं दहावीत येणारच आहेत, तेव्हाही हेच म्हणशील.' आईला गीता पाठ नाही, पण तामस त्याग म्हणजे काय ते तिला बरोबर कळतं. कर्तव्याचं नाव पुढे करून भीतीने पुणे सोडून देणं, हाही मोहच. परीक्षा पुन्हा द्यावी लागेल, नंबर लागेलच असं नाही, वय ३१ आहे आणि सोबतच्या मुली बाविशीतल्या असतील. हे सगळं मला माहीत आहे, आणि त्यामुळेच 'पुढच्या वर्षी बघू' हे वाक्य मला धोक्याचं वाटतं.

तेव्हा काल मुख्याध्यापिका बाईंकडे राजीनामा दिला. कामाचा शेवटचा दिवस ३० एप्रिल. नोटीस मी नऊ महिने आधी दिली. त्यांनी कागद दोनदा वाचला. 'अगं, दुसरीकडे काही पक्कं झालंय का?' म्हटलं, नाही. 'मग इतक्या लवकर कोणी देतं का?' मग म्हणाल्या, नवीन शिक्षक जानेवारीतच शोधू, म्हणजे दोन महिने तुझ्याबरोबर वर्गात बसतील. हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

अठराव्या अध्यायात शेवटी शेवटी, एवढं सगळं सांगून झाल्यावर, भगवान अर्जुनाला म्हणतात की यावर पूर्ण विचार कर आणि मग तुला हवं तसं कर. त्रेसष्टावा श्लोक. तिथे पोचायला आपल्याला अजून बरेच दिवस आहेत.

उद्या दहावा श्लोक. आज एवढंच, सहामाहीचा पेपर काढायचाय.

राम कृष्ण हरी.